शेवटचं भोक करंगळीकडे

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या उत्रोलीत अमुक झाडाखालून जाऊ नको असं कोणी म्हटलं की मी मुद्दाम तिथूनच जायचो. इंजिनवर काम करणारा माणूस मी. बिघाडाला कारण असतंच, ते शोधायचं, एवढंच शिकलो. पुढची हकिगत लिहितोय, कारण ती ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलोय...

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. भोर तेव्हा संस्थान होतं. तिथल्या एका भाताच्या गिरणीत मी इंजिन सांभाळायचो. रविवारी गिरणी बंद. त्या दुपारी मी हुसेनचाचांकडे बासरी शिकायला जायचो. चाचा भांड्यांना कल्हई करायचे, बाजारामागच्या गल्लीत राहायचे. बासरी मात्र अशी वाजवायचे की मामलेदार कचेरीतली माणसंही रस्त्यात थांबायची.

मला लांब बासरी हवी होती — आवाज भारदस्त म्हणून. चाचांनी पहिल्याच दिवशी ते खोडून काढलं.

"तुजी बोटं आखूड हाईत, शंकर. भोकं झाकली न्हाईत तर नुस्ती हवा निगंल. बासरी हातावरनं निवडायची, कानावरनं न्हाई."

दोन महिने त्यांच्या जुन्या बासरीवर सूर लावले. मग ते म्हणाले, आता तुझ्या मापाची करतो. वेल्ह्याकडचा एक जण बाजाराच्या दिवशी पातळ, लांब पेराचा बांबू आणायचा, त्यातलं एक कांडं त्यांनी ठेवलं होतं. माप घ्यायची त्यांची रीत वेगळी. डोळे मिटून हात हातात घ्यायचे, एकेक बोट चाचपायचे, मग कांड्यावर कोळशाने खुणा. त्या खुणांवर तापलेली सळई.

पुढच्या रविवारी बासरी तयार होती. हातात घेतली आणि मला हसू आलं. पाच भोकं सरळ रेषेत, शेवटचं मात्र बाजूला, करंगळीकडे सरकलेलं. तिथे उजव्या हाताची अनामिका पोचेना. चाचांनी उलटसुलट करून पाहिलं, वय झालं म्हणाले, आणि नवं कांडं घेतलं. पुन्हा माझा हात, पुन्हा डोळे मिटून.

दुसरीही तशीच झाली.

या वेळी त्यांनी वयाचं कारण दिलं नाही. दोन्ही बासऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवल्या. बाजारातली तयार बासरी घे, म्हणाले. मी घेतली. मनात म्हटलं, म्हातारा थकला.

होळीच्या आधी आठ दिवस गिरणीत पुलीवरून पट्टा घसरला. इंजिन चालू ठेवूनच मी तो परत चढवायला गेलो. शेकडो वेळा केलेलं काम... उजव्या हाताची अनामिका मुळापासून गेली. शेजारच्या बोटांना साधं खरचटलंही नाही.

जखम भरल्यावर चाचांकडे गेलो. त्यांनी फडकं सोडलं आणि पहिली बासरी माझ्या हातात दिली. शेवटच्या भोकावर करंगळी जशी नेमकी बसली, तशी माझी बोटं बाजारच्या बासरीवरही कधी बसली नव्हती. फुंकर मात्र मारवेना.

"मला ठाव असतं तर म्या तुला सांगितलं नसतं व्हय?" चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. त्यानंतर त्यांनी माप घेणं सोडलं.

इथेच थांबलो असतो तर बरं होतं.

लढाईत भोरला भरती सुरू झाली. माझा धाकटा भाऊ दत्तू आणि शेजारचा बबन दोघांनी पलटणीत जायचं ठरवलं. दत्तू एकोणीस वर्षांचा, तालमीतला. माझ्या मनात मात्र एकच विचार घोळायला लागला. बासरी शिकायची म्हणून सांगून मी त्याला चाचांकडे नेलं. चाचांना माझा हेतू लगेच कळला. ते नाही म्हणाले. मी त्यांचे पाय धरले.

शेवटी त्यांनी दत्तूचा हात हातात घेतला. डोळे मिटले. दुसऱ्या हातात कोळसा होता, मांडीवर कांडं. बराच वेळ गेला. दत्तू माझ्याकडे बघून गालात हसत होता. कोळसा कांड्याला टेकलाच नाही.

दत्तू बाहेर गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "ह्याच्या मापाची न्हाई व्हत माज्याच्यानं."

मी दत्तूला जाऊ दिलं नाही. भांडलो, आईला पुढे केलं, भरतीच्या दिवशी त्याला खोलीत कोंडून वर कडी घातली. बबन एकटा गेला. दत्तू माझ्याशी बोलायचा बंद झाला. घरात आहे, जिवंत आहे, बस — असं मी स्वतःला सांगत होतो.

भादव्यात त्याला ताप आला. विषमज्वर, डॉक्टर म्हणाले. अकरा दिवस. शेवटपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

लढाई संपल्यावर बबन धडधाकट परत आला. आमच्याकडे पाया पडायला आला तेव्हा आई त्याच्याकडे बघतच राहिली. तो गेल्यावर तिने मला विचारलं, "तू दत्तूला कोंडलं नसतंस, तर आज त्यो बी आला असता न्हवं?"

मी चाचांचं तिला कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही तिची समजूत हीच होती, की शेतीला माणूस हवा म्हणून मी त्याला अडवलं.

कोळसा टेकला नाही तो त्याचा ताप कुठेही गेला तरी ठरलेला होता म्हणून, की मी त्याला घरात अडवणार होतो म्हणून? सगळं आयुष्य कारणं शोधण्यात गेलं. याचं सापडलं नाही.