लेसन न घेता बी.एड.

क्षितिजाचं बोलणं लहानपणापासून अडायचं. शब्द तोंडाशी आलेला असायचा, पण गळ्यात असा रुतून बसायचा की तिचे डोळे आपोआप मिटायचे. त्यामुळे दवाखान्यात, बँकेत, कॉलेजच्या ऑफिसात तिच्या वतीने आईच बोलायची. उर्मिलाबाईंना त्याची इतकी सवय झाली होती, की कुणी लेकीला नाव विचारलं तरी उत्तर त्यांच्याच तोंडून जायचं.

पूनम सागर सोसायटीतल्या त्यांच्या घरी बिल्डिंगमधली चार-पाच मुलं गणित शिकायला यायची. त्यांच्यासोबत जमिनीवर बसलं, की क्षितिजाची जीभ बरीचशी मोकळी व्हायची. तेवढ्याच बळावर तिने बी.एड.ची प्रवेश परीक्षा दिली आणि पासही झाली. आता कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे होते, आणि तिची झोप उडाली. बी.एड. म्हणजे लेसन, शिकवण्याचे सराव-तास. अनोळखी शाळेतला भरलेला वर्ग, हातात खडू, आणि मागच्या बाकावर बसून पारखणाऱ्या मॅडम.

"एवढंच ना?" वरच्या मजल्यावरचे गुणवंतभाई म्हणाले. दुसऱ्या जिल्ह्यात त्यांच्या ओळखीचं एक कॉलेज होतं. "तिकडे हजेरीचं टेन्शन नाय. लेसन पण कागदावरच होतात. परीक्षेला जायचं, बस."

बाबांचा, काशीनाथरावांचा, जीव भांड्यात पडला. "तेच पहिलं टाक, क्षितू. उगाच जिवाला घोर कशाला?"

क्षितिजालाही हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं, याचीच तिला धास्ती बसली. लेसन चुकले तरी वर्ग कुठे चुकणार होता? डिग्री हातात घेऊन कधीतरी त्याच्यासमोर उभं राहावंच लागणार, आणि तेव्हा मागच्या बाकावर चुकलं ते सांगायलाही कुणी नसणार.

लेसन खरोखर घ्यायला लावणारं दुसरं कॉलेज भाईंदर पूर्वेला होतं. निदान बघून तरी येऊ, म्हणून मायलेकी गेल्या. गेटवर वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है?" क्षितिजाने तोंड उघडलं, तोवर आईने सांगूनही टाकलं. आत प्रवेशाचं काम बघणाऱ्या मिनल मॅडम बसल्या होत्या.

"नाव काय तुमचं?"

"क्षितिजा," आई म्हणाली.

"त्यांना बोलू द्या ना."

क्षितिजाचे डोळे मिटले, मान ताठरली. आईने पर्सचा बंद मुठीत आवळून धरला. कधी नव्हे इतका वेळ लागला, पण नाव निघालं. मॅडमनी मध्ये शब्द पुरवला नाही, की नजरही वळवली नाही.

"मला... ल-लेसन नाही जमले तर?"

"तर आम्ही पास करत नाही," मॅडम सरळ म्हणाल्या. "तुमचं बोलणं अडतं, ते मुलांना कळणार. काही जण हसतीलही. मी मागे बसेन, पण तुमच्याऐवजी बोलणार नाही."

बाहेर आल्यावर क्षितिजा रिक्षा स्टँडजवळच्या कट्ट्यावर मटकन बसली. "आई, मला भीती वाटते. इथे नको."

उर्मिलाबाई तिच्या शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "मलाही वाटते गं. आत तू अडकलीस तेव्हा माझा जीव जायची वेळ आली होती. पण मी कुठवर पुरणार तुला? वर्गात काय, मी येऊन बोलू?"

घरी आल्यावर क्षितिजाने भाईंदरचं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं. बाबा रागावले नाहीत. "हसतील गं तुला," एवढंच म्हणाले आणि अर्धवट जेवून उठले. यादी लागेपर्यंत ती मनातून देवाला सांगत होती, हे कॉलेज नको मिळू दे. तेच मिळालं.

पहिला लेसन एका शाळेत, सातवीच्या वर्गावर होता. विषय, कोनांचे प्रकार. फळ्यापाशी उभं राहिल्यावर समोरचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले. "आज आपण क... क..." शब्द बसला तो बसलाच. खिडकीजवळून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी दोघं. तिने मागे पाहिलं. मिनल मॅडम नुसत्या बसून होत्या.

पळून जावं, असं वाटलं. दार चार पावलांवर होतं. ती फळ्याकडे वळली आणि एक कोन काढला. खडू टेकवून, पाठमोरीच, तिने श्वास घेतला. "कोन," ती म्हणाली. मग वळून, "हा कोणता, सांगा बरं?"

"लघुकोन!" पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली.

तास कसाबसा पार पडला. दोन उदाहरणं राहून गेली, एकदा शब्द पार हरवला, आणि ते फिस्सकन हसणं शेवटपर्यंत पूर्ण थांबलं नाही. वर्गाबाहेर मिनल मॅडम म्हणाल्या, "आवाज फार लहान आहे. आकृत्या चांगल्या. पुढचा लेसन गुरुवारी, आठवीवर."

आठवीची मुलं तिच्या खांद्याला लागायची. जिन्याचा कठडा धरून, गुरुवारच्या लेसनचं पहिलं वाक्य पुटपुटत, क्षितिजा सावकाश खाली आली.