पेट्यांची शेड

आश्विनातली सकाळ, ऊन अजून कोवळं, आणि मागच्या अंगणात एकाच वेळी दोन वास दाटून राहिलेले: कुंपणापलीकडच्या बुचाच्या झाडाने रात्रभर ढाळलेल्या फुलांचा मंद, ओलसर, गोड वास आणि लोखंडी खांबांवर नुकत्याच फिरवलेल्या तांबड्या रंगाचा उग्र, डोक्यात चढणारा वास. एरवी मी नाकाला पदर लावून आत निघून गेले असते. पण त्या दिवशी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर चहाचा कप हातात धरून मी कितीतरी वेळ बसून राहिले, आणि खोटं कशाला सांगू, तो उग्र वासच मला फुलांहून प्रिय वाटला. आमच्या अंगणात शेड उभी राहत होती.

शेड म्हणजे काही ताजमहाल नव्हे. पर्वतीच्या पायथ्याशी जुन्या बैठ्या घरांची आमची सोसायटी. घरामागे नारळ, कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि त्यापलीकडे कुणाच्याच उपयोगाची नसलेली एक पट्टी. त्या पट्टीवर लोखंडी सांगाडा, वर पत्रा, आत भिंतीलगत फळ्या, एवढंच. पण त्या पत्र्याच्या खोलीवर मी जितका जीव लावला, तितका हे घर बांधताना लावला नव्हता, कारण घर बांधताना आम्हाला फक्त राहायचं होतं. या वेळी एका माणसाला परत आणायचं होतं.

घराच्या पुढल्या अंगाला गॅरेज आहे. त्यात मोटार कधी शिरली नाही. आमचे हे नोकरीला होते कारखान्यात, पण जीव सगळा हार्मोनियममध्ये, म्हणजे आमच्या बोलण्यात पेटीमध्ये. सुटीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतर तर रोजच, गॅरेजमधल्या लाकडी बाकाशी बसून ते लोकांच्या पेट्या दुरुस्त करायचे, स्वर मिळवून द्यायचे. लाकडाचा भुसा, सरस, जुन्या भात्यांच्या चामड्याचा कुबट वास, आणि त्यातून मधूनच उमटणारा एखादा लांबलचक एकटा स्वर, हीच आमच्या घराची दुपार होती. लोक पेटी आणून द्यायचे, ‘सावकाश होऊ द्या, घाई नाही’ म्हणायचे, आणि त्यांतले कित्येक पुन्हा फिरकायचेच नाहीत. पुण्याचा माणूस घरातलं काही टाकून देत नाही. अगदीच नको झालं की दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतो. मीही काही कमी नव्हते. गौरींच्या मुखवट्यांची ट्रंक, मखराच्या चौकटी, लेकीचा पाळणा, फराळाचे मोठाले डबे, जे जे घरात मावेना ते ते मी ‘तात्पुरतं’ म्हणून गॅरेजमध्ये लोटत गेले, आणि हे बिचारे अंग चोरून त्या पसाऱ्यात आपली बैठक सांभाळत राहिले.

गेल्या माघात यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, उजवा हात शाबूत राहिला, त्याबद्दल मी देवापुढे किती वेळा डोकं टेकवलं असेल ते त्यालाच ठाऊक. हळूहळू, उजव्या हाताने रेटत, वॉकर धरून चालू लागले. आणि चैत्रातल्या एका संध्याकाळी, मी काही न सुचवता, आपणहून गॅरेजच्या दारापर्यंत गेले. मी श्वास रोखून मागे उभी. वॉकरचा पुढचा पाय ट्रंकेला आणि मागचा कुणाच्या तरी पेटीला अडकला. हे तसेच उभे राहिले, आतल्या बाकाकडे बराच वेळ पाहत. मग म्हणाले, ‘राहू दे. आता काय करायचंय तिथे?’

त्या ‘राहू दे’ने माझ्या काळजाचं पाणी झालं. त्यानंतर यांनी रेडिओ लावला नाही, गाणं लागलंच तर ‘बंद कर’ म्हणाले, आणि खिडकीपाशी बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. जेवत होते, औषधं घेत होते, विचारलं तर उत्तरही देत होते. पण ज्याचा अख्खा जन्म ऐकण्यात गेला तो माणूस ऐकायचंच सोडून बसला होता. डॉक्टर म्हणायचे, ‘हाताला काम हवं, मनाला त्याहून हवं.’ मी मनाशी ठरवलं, अडतंय ते वॉकरचं, आपण वाट करून देऊ.

आमची लेक मुक्ता खराडीला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, ‘आई, सगळं सामान स्टोरेजमध्ये टाकू ना, ॲपवरून बुक होतं, ते येऊन घेऊनपण जातात.’

‘लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या पेट्या मी गोदामात धाडू?’

‘मग बांध तूच एक गोदाम मागे,’ ती वैतागून म्हणाली. तिने वैतागून म्हटलं आणि मी ते गंभीरपणे घेतलं. आमच्या घरातले चांगले निर्णय असेच होतात.

लोखंडकामाला गजानन आला. मूळचा वाशीमकडचा, लोणी काळभोरला त्याचं वर्कशॉप, आणि बोलणं असं की पत्रा ठोकतानाही माणसाला हसू यावं. मी दाराची रुंदी दहादा विचारली तेव्हा म्हणाला, ‘काकू, काहून एवढं टेन्शन घेता? हत्ती जाईन इतकं मोठं करून देतो ना बाप्पा!’ शेजारचे नेनेकाका कुंपणावरून रोज पाहणी करत. पहिल्या दिवशी म्हणाले, ‘शेड बांधताय की मंगल कार्यालय? नाही, आधी सांगा, म्हणजे आम्ही जेवायला बाहेर जाणार नाही.’ मी म्हटलं, ‘आमंत्रण पाठवू हो, पण आपली बोगनवेल आमच्या पत्र्यावर येतेय त्याचं काय?’ ते तडक आत गेले. दुसऱ्या दिवशी बघते तो, आमच्या बाजूची सगळी वेल त्यांनी स्वतः, या वयात, शिडीवर चढून छाटून टाकलेली. आभार मानायला गेले तर म्हणाले, ‘वेल आमची होती, आम्ही कापली. आपला काय संबंध?’ नेनेकाकांची माया अशी खरखरीत असते, पण असते.

शेड पुरी झाली आणि सामान हलवायच्या दिवशी मुक्ता सुटी काढून आली. यांना आम्ही मागच्या पायरीपाशी खुर्ची टाकून बसवलं, उगीच, ऊन खायला म्हणून. गजाननने पहिली पेटी उचलली आणि शेडमध्ये आडवी टेकवली मात्र, खुर्चीतून आवाज आला, ‘अशी नको. भात्यावर भार येतो.’ गजाननने ती सरळ केली. दुसरी आली. ‘ती बार्शीच्या मास्तरांची. तिला वाळवी लागलेली, बाकीच्यांपासून लांब ठेव.’ तिसरी. ‘हिचा मालक गेला. मुलगा येईन म्हणाला होता.’ असं करत करत हे एकेका पेटीची कुंडली सांगत गेले, आवाज चढत गेला, अखेर ‘अरे, काय गवताचे भारे टाकताय का?’ असं ओरडले तेव्हा मुक्ता माझ्याकडे बघून हसली आणि तिचे डोळे भरून आले. कितीतरी महिन्यांनी आमच्या घरात कुणीतरी ओरडलं होतं, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग मी काय केलं, तर गॅरेज लख्ख करून टाकलं. पाळणा गेला, ट्रंक गेली, डबे गेले. भिंतींना पांढरा हात मारून घेतला, फरशी घासून घासून तिचा मूळ रंग शोधून काढला. बाक तेवढा खिडकीखाली, आणि बाकी सगळी ऐसपैस मोकळी जागा. सकाळचं ऊन तिरपं होऊन थेट बाकापर्यंत येत होतं. यांना घेऊन आले. वॉकर कुठेही न अडता, अगदी डौलात, बाकापर्यंत गेला. हे बसले. पेटीतली स्वर देणारी एक पितळी पट्टी उचलून त्यांनी बाकाच्या कडेवर टक्‌ करून आपटली, मान तिरकी केली आणि म्हणाले, ‘घुमतंय.’

‘काय घुमतंय?’

‘खोली. इथे स्वर लावला तर तो खोलीचा लागेल, पेटीचा नाही. सगळी अडगळ काढलीस ना, ती आवाज पिऊन टाकायची.’

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, महिनाभर मी एवढा घाट घातला, घासून घासून हाताची सालं काढली, आणि आता म्हणे अडगळच बरी होती! मी तोंड उघडणार तोच त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ते हसत होते. ‘तुझ्या गोधड्या किती आहेत गं?’ त्यांनी विचारलं.

गोधड्या पुष्कळ होत्या. गजाननला फोन केला, तर तो कामावरून परतताना वाट वाकडी करून आला आणि भिंतीत हुक मारून देऊन चहासुद्धा न घेता गेला. माझ्या जुन्या लुगड्यांच्या, मुक्ताच्या लहानपणीच्या फ्रॉकांच्या तुकड्यांच्या गोधड्या त्या पांढऱ्या भिंतींवर लटकल्या. नेनेकाकांनी कुंपणावरून एक जाडजूड सतरंजी पुढे केली. म्हणाले, ‘खाली घाला. आमच्याकडे आता बसायला कोण येतंय? आणि परत आणून द्यायची घाई करू नका.’ सतरंजीला डांबराच्या गोळ्यांचा आणि कुठल्याशा जुन्या मैफलीचा वास होता. खोलीत बोललं की शब्द आता जिथल्या तिथे पडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पुन्हा बाकाशी बसले आणि मी दारात थांबले. स्वर मिळवायची एक लहानशी पेटी असते; तिच्यावर पितळी पट्टी बसवायची, डाव्या हाताने भाता हलवत राहायचा, उजव्या हातातल्या कानसीने पट्टी किंचित किंचित घासायची, आणि कान सगळा त्या स्वरात. यांनी उजव्या हाताने पट्टी बसवली. कानस उचलली. आणि थांबले. डावा हात मांडीवर पडून होता, झोपलेल्या मुलासारखा. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. समोर ठेवलेल्या भात्याकडे पाहत राहिले.

तेव्हा मला कळलं. चैत्रातल्या त्या संध्याकाळी दारात ते ट्रंकेपाशी अडलेच नव्हते. ते या भात्यापाशी अडले होते. मी वाट मोकळी केली, खांब रोवले, पत्रे ठोकले, साऱ्या गावाला कामाला लावलं, आणि अडलेलं होतं ते जिथल्या तिथेच. मी पुरती हबकून गेले. आता हे पुन्हा ‘राहू दे’ म्हणणार, आणि या खेपेला माझ्याकडे हलवायला दुसरं काही उरलेलं नव्हतं.

त्यांनी ते म्हणायच्या आत मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, पाळणा होता तिथे, त्यांच्या डाव्या अंगाला टेकवलं, बसले आणि भाता हातात घेतला.

स्वर निघाला तो किंचाळतच. ‘अगं, चूल पेटवत नाहीयेस,’ हे म्हणाले. ‘सावकाश. दोन्हीकडे सारखा दाब.’ मी सावकाश हलवला. स्वर थरथरला, मग स्थिर झाला, आणि ऊन, गोधड्या, सतरंजी यांच्यामधून एका सरळ रेषेत चालू लागला. यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. ‘कमी आहे,’ म्हणाले, कानस फिरवली. ‘हं, पुन्हा.’ मी पुन्हा हलवला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. कुकरची आठवण मला कुणी करून दिली नाही.

संसाराला इतकी वर्षं झाली, पण या खोलीत मी कधी बसले नव्हते. चहा द्यायचे तो दारातूनच, हात लांब करून, कारण आत पाऊल ठेवायलाच जागा नसे, आणि ती नसण्याला मीच निम्मी जबाबदार होते. वॉकरसाठी मागितलेली जागा माझ्याही पदरात पडली. कोणाकोणाचे उपकार मानू? फोनवर वैतागलेल्या लेकीचे, गजाननचे, शिडीवर चढलेल्या नेनेकाकांचे, की थोडं नेऊन पुष्कळ मागे ठेवणाऱ्या त्या वाऱ्याचे, मला अजून ठरवता येत नाही.

ऊन बाकावरून खाली उतरलं तेव्हा यांनी कानस ठेवली, कपाळ पुसलं. मी उठले.

‘उद्या येताना हाताला रुमाल बांधून ये,’ ते म्हणाले. ‘बांगड्या स्वरात येतात.’

 माघापासून या घरात यांच्या तोंडून ‘उद्या’ हा शब्द मी ऐकला नव्हता. आत जाऊन कपाट उघडलं आणि रुमाल शोधायला लागले.