जिभेच्या मागच्या गाठी

दाताच्या डॉक्टरकडे माणूस तोंड उघडतो ते काही गप्पा मारायला नव्हे. तरी उमरग्यातल्या माझ्या दवाखान्यात किस्से इतके साठलेत की केसपेपरला कपाट आहे, यांना जागा नाही. निम्मे पेशंट येतात बब्रुवानच्या काळीपिवळी जीपमधून. हा गडी लोहाऱ्याहून माणसं आणून दारात उतरवतो, स्वतः मात्र पायरी चढत नाही. गालात गुटखा कायम. वर्षभरात त्याचं तोंड आखडत चाललंय, समोरच्या हॉटेलात भजं मोडून मोडून खाताना मी बघतो. "एकदा बघू दे रे," म्हटलं की नेमकी गाडी भरलेली असते! मला त्याची खरंच काळजी वाटते.

*

एकदा एक मावशी दाढ दुखते म्हणून आल्या. माझा खोकला ऐकला आणि स्वतःची दाढ विसरल्या. डॉक्टरची पडजीभ उतरलीय, असं त्यांचं निदान. घशाच्या तोंडाशी लोंबतो तो मांसाचा बारका लोलक, सर्दीनं सुजतो, हे मी सांगतोय तोवर त्यांचा उपाय तयार. टाळूवरचे केस मुठीत धरायचे आणि एक हिसका द्यायचा, पडजीभ वर! त्या उठल्या, माझं डोकं नीट पाहिलं आणि परत बसल्या.

"धरू कुठं?" त्यांनी विचारलं.

*

भूगोलाचे एक गुरुजी आले. जिभेवर लाल चट्टे, त्यांना पांढरी किनार, आणि चट्टे रोज जागा बदलतात. जिभेवरचे बारीक कोंब जागोजागी झडतात आणि परत येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. गुरुजींनी आरशात बघून पंधरा दिवसांचे नकाशे वहीत काढून आणले होते, उत्तर दिशेच्या बाणासकट. मी धीर दिला. शेवटच्या नकाशावर बोट ठेवून ते हळूच म्हणाले, "हा भाग कर्नाटकात सरकतोय. थांबवता येईल का?"

*

तव्यावरचं धपाटं तसंच तोंडात टाकून एका शेतकऱ्यानं टाळूची साल काढून घेतली. तोंडातलं अस्तर अंगावरच्या कातडीपेक्षा लवकर भरतं, म्हणून मी फक्त मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. चौथ्या दिवशी गडी ठणठणीत. पुढच्या आठवड्यात त्याचा भाऊ लंगडत आला. भावाला दिलं तेच पाणी गुडघ्याला द्या म्हणाला.

*

आणि हे एका आत्याबाईंच्या घरचं. लोहाऱ्याजवळचं मोठं शेतकरी कुटुंब. थोरल्या भाच्यानं मोबाइलच्या उजेडात जीभ बाहेर ओढून पाहिली, तर पार मागं ओळीनं गाठी! कॅन्सरच, त्याची खात्री पटली. ताडून बघायला बायकोची जीभ पाहिली, तिलाही तेच. मग भाऊ, भावजया, आत्याबाई. घरात साथच आली म्हणायची. दुसऱ्या दिवशी अकरा जण बब्रुवानच्या जीपनं हजर.

मी समजावलं, या गाठी चव घेणाऱ्या, प्रत्येकाला जन्मापासून असतात. पटेना. शेवटी मी माझीच जीभ दाखवली. आत्याबाईंनी टॉर्च मारून पाहिली.

"तुमाला बी लागलं की वो," त्या हळहळल्या.

आता त्यांना घराबाहेरचा, धडधाकट माणूस हवा होता. दोघं खाली गेले आणि बब्रुवानला दंडाला धरून वर घेऊन आले. गाडी भरायचीय म्हणाला, पण जीपमध्ये बसायची माणसं तर सगळी इथंच. पाच मोबाइलचे उजेड त्याच्या तोंडावर पडले.

तोंड उघडेना. निरोगी तोंडात तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत, याच्या दोनसुद्धा जाईनात. जीभ दातांपुढं येईना. मागच्या गाठी कुठून दिसणार? बब्रुवान माझ्याकडे बघेना. मी काही बोलणार, तोच आत्याबाईंनी त्याच्या खिशातली गुटख्याची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"तुमी म्हणता समद्यांला असतंय. आमाला हाय, तुमाला हाय. ह्यालाच न्हाय. डॉक्टर, आमी बाहेर थांबतो, ह्याला बसवा."

बब्रुवान खुर्चीत बसला.