भट्टीत गेलेली कवळी

"चार थांबे आधी बसमधून उतरवलंस, आता तरी पाय उचल," ताई म्हणाली. धाकटा मात्र बुटाची घट्ट नाडी पुन्हा सोडून बांधायला वाकला.

दोघं भावंडं निघाली होती धाकट्याच्या लेकीच्या होणाऱ्या सासूकडे. त्याची बायको आणि लेक केव्हाच तिथं पोचल्या होत्या. विहीणबाईंचा निरोप सरळ होता. मुलगी पसंत आहे, पण बाप अणुकचऱ्यात काम करतो, तो घरी काय काय घेऊन येतो ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय. पटलं नाही तर लग्न नाही. आणि नेमकं आजच त्याचं तोंड रिकामं!

धाकटा मूळचा वेल्डर, मग जन्मभर प्लाझ्माच्या भट्टीवर. तिथं विजेनं वायू असा तापवतात की त्याच्या झोतापुढं लोखंडाचं पाणी होतं. दूषित पाइप, हत्यारं, सगळं वितळतं. धातू तळाला बसतो, किरणोत्सर्गी घाण बहुतेक वर तरंगणाऱ्या मळीत जाते आणि मळी काचेसारखी थिजते. असल्या आगीशी रोज गाठ, पण हा बाबा घरी कोमट चहासुद्धा फुंकून पिणार. ताई त्याला फुंकरराव म्हणायची.

काल पाळी सुटल्यावर मुखवटा काढताना फुंकररावांना शिंक आली. वरची कवळी उडाली ती थेट वापरलेल्या हातमोज्यांच्या पिंपात.

"मग हात घालून काढायची!"

"त्यात पडलं ते कचरा, ताई. साहेबांचा चष्मा पडला तेव्हा साहेब नवा येईपर्यंत भिंती चाचपत फिरले."

"अरे, पण तुझे दात ते!"

"सकाळी पिंप भट्टीत गेलं. बटण मीच दाबलं."

ताईनं देवाचं नाव घेतलं, पण हसू काही आवरेना. "आता कुठं असतील रे ते?"

"दात चिनी मातीचे, ते मळीत. कवळीची तार खाली लोखंडात." तो तोंडावर हात धरून म्हणाला, "वेगळे मात्र झकास झाले. आत गेल्यावर तूच बोल. मी मूग गिळून बसतो."

"मूग तेवढेच गिळता येतील तुला! मी काय सांगू त्यांना? मला तुझी मळीबिळी कळत नाही." विहीणबाईंच्या जिन्याशी ती दम खायला थांबली. "आणि कसली रे मेली तुमची शिस्त? माणसाला स्वतःचे दात घरी नेऊ देत नाहीत!"

धाकटा पहिल्या पायरीवरच थबकला.

"पुन्हा म्हण."

"स्वतःचे दात..." ताईचं वाक्य अर्धंच राहिलं.

"माझे दात जिथून सुटले नाहीत, तिथून मी यांच्या घरात काय आणणार?" तोंडावरचा हात त्यानं कधी काढला ते त्यालाही कळलं नाही. "तू राहू दे, ताई. मीच सांगतो."

आता तोच पुढं, ताई मागं. दारावरची घंटाही त्यानंच वाजवली. आतून चपला फटफटत जवळ येऊ लागल्या, तसा तो मागं वळून पुटपुटला,

"एकच कर. मी बोलायला लागलो की माझ्याकडं बघू नकोस. तू हसलीस की मला हसू फुटतं, आणि मी हसलो की दुकान उघडं!"