दुबेजींचे स्वच्छ पुरावे

फॉरेन्सिकच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. गोळा करायचा असतो पुरावा, आणि तो आमच्या उज्जैनमध्ये माझ्याआधीच कोणीतरी निस्तरून ठेवलेला असे. गल्लोगल्ली एसटीडी बूथ निघाले, घरोघरी रंगीत टीव्ही आले, पण आमच्या हवालदार दुबेजींच्या हातात मोजे काही चढले नाहीत. एका डागावर माणूस सुटतो किंवा अडकतो, हे त्यांना सांगून सांगून मी थकलो.

देवास गेटजवळच्या एका लॉजमध्ये खून झाला. पोचलो तर खोली फिनाइलने लखलखतेय! मॅनेजरने अदबीने पाणी आणून दिलं. ते पिऊन मी विचारलं, "टेबलावर एक ग्लास होता ना, ठसे असलेला?"

"वही तो है साहब, धो के लाया हूँ."

दुबेजीही त्याच ग्लासातून पाणी प्याले होते.

घाटाजवळ चोरी झाली, तेव्हा चिखलात चोराच्या पायाचा सुरेख ठसा मिळाला. दुबेजींना म्हटलं, यावर तगारी पालथी घाला आणि राखण करा, मी प्लास्टर घेऊन येतो. परत येतो तर तगारीवर झेंडूचा हार, उदबत्ती आणि समोर बायकांची रांग.

"दुबेजी, हे काय?"

"पूछ रहे थे किसके चरण हैं. मैंने कहा, जाँच चल रही है."

तगारी उचलली तर खाली ठशाच्या जागी दूधच दूध.

भैरवगढचा किस्सा सांगताना मात्र मला हसू येत नाही. तिथल्या कापडछपाईवाल्या किशनला चाकूमारीच्या संशयावरून धरलं होतं. पुरावा एकच, त्याच्या पांढऱ्या शर्टावरचे लाल डाग. त्याची आई रोज ठाण्याच्या पायरीवर बसून येईल त्याला सांगायची, "खून नहीं है भैया, हमारा पक्का रंग है. कपड़ा फट जाए, रंग नहीं जाता." मलाही तसंच वाटत होतं. तपासात तो रंग ठरला की पोरगा सुटणार होता. म्हणून मी दुबेजींना बजावलं, शर्टाला हात न लावता कागदात गुंडाळून पाठवा.

दुसऱ्या दिवशी शर्ट घेऊन आईच आली. मागे दुबेजी.

"अम्मा रो रही थी साहब, कि बेटा मैले कपड़ों में कोर्ट जाएगा. तो दे दिया."

मी कपाळाला हात लावला. तिने शर्टाची घडी उलगडून माझ्यासमोर धरली. स्वच्छ पांढरा.

"देख लो साहब," ती अभिमानाने म्हणाली, "पहले ही पानी में सब निकल गया."