दोरीचं दुसरं टोक

अकीलचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका पँटला चेन बसवत होतो. अकील म्हणजे माझ्या दोस्ताचा, सलीमचा, धाकटा भाऊ. महागावात दोघांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज. "विनूभाऊ, भाईजानच्या छातीत लय दुखून राह्यलं. यवतमाळले घेऊन चाललो. तुम्ही या." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "पाण्यात गेलता का?" "नाही जी, गॅरेजवरच होते." आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. पाण्यात नव्हता ना, मग काही होत नाही... असंच मला वाटलं. कित्येक वर्षं सलीमच्या बाबतीत मी एकाच गोष्टीला भ्यायलो होतो, त्यामुळे दुसऱ्या कशाला भ्यायचं हे मला सुचलंच नाही.

सलीमला मरळ माशाचं वेड होतं. आमच्याकडच्या धरणात मरळ चांगली मिळते, पण ती खरं गांडूळ लावून धरण्यात त्याला रस नव्हता. तो पार्सलनं रबरी गांडुळं मागवायचा, बोटभर लांबीची, मऊ, हाताला बुळबुळीत लागणारी. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक छल्ले कापायचे, एक छल्ला गांडुळाच्या बरोबर मध्यावर चढवायचा आणि गळ त्या छल्ल्यातून घालायचा, म्हणजे रबर फाटत नाही. पाण्यात टाकलं की ते आडवंच, सावकाश खाली जातं आणि दोन्ही टोकं थरथरत राहतात. मरळीला ते जिवंत वाटतं. मला पाहूनच शिसारी यायची. पण माझी खरी अडचण वेगळीच होती. अशा बांधणीत गळाचं टोक उघडं राहतं आणि आमच्या धरणाच्या पोटात जुन्या बाभळी उभ्या आहेत. दर रविवारी गळ एकदा तरी फांदीत अडकणार, हे ठरलेलं.

दुसरा कोणी असता तर त्यानं तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तोडून टाकला असता. सलीम तोडायचा नाही. त्या पाण्यात गुरं उतरतात, पोरं पोहतात, कोणाच्या पायात उघडा गळ शिरला तर काय, असं त्याचं म्हणणं. ते चूक आहे असं म्हणायची सोय नव्हती. मग तो शर्ट काढायचा, कमरेला दोरी बांधायचा आणि दुसरं टोक माझ्या हातात द्यायचा. मला पोहता येत नाही. मी जन्माचा भित्रा, विहिरीवर पाणी शेंदायचं तरी मांडी घालून बसणारा. पण शिवणकाम येतं, म्हणून मी त्या दोरीला दुहेरी कॅनव्हासचा पट्टा शिवून दिला होता. सलीमच्या कमरेचं माप मला पाठ होतं. तो पाण्याखाली गेला की मी दोरीचा वेढा मनगटाला घ्यायचो, आणि तो वर येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्या बायकोला, भाभीला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत बसायचो.

"गळाचं टोक गांडुळाच्या पोटात लपव ना. तसंही करता येतं, तूच सांगितलंस," मी म्हणायचो. तसं केलं की गळ फांदीत सहसा अडकत नाही.

"टोक लपवलं का ते लाकडावानी पडते यार. मरळ ढुंकून पाहत नाही," तो म्हणायचा. "तू काहून भेऊन राह्यला बे? दोरी हाये ना तुया हातात."

एका हिवाळ्यात, दुपारची वेळ होती, तो असाच खाली गेला आणि दोरी ढिली पडली. मी ओढली. तिनं काही जोर धरला नाही. ओढत गेलो तशी ती निमूट येत गेली, आणि शेवटी माझ्या पायाशी रिकामा पट्टा आला. मी ओरडलो का, हेसुद्धा आता आठवत नाही. पाणी इतकं शांत होतं की त्यात कोणी उतरलं होतं असं वाटेना. मग बऱ्याच अंतरावर त्याचं डोकं वर आलं. दातांत रबरी गांडूळ होतं. दोरी फांदीत गुंतली म्हणून त्यानं पट्टा काढून टाकला होता, एवढंच. तो हसत होता. मी त्याच्याशी बोललो नाही, गाडीवर मागे बसूनही घरापर्यंत गप्प राहिलो.

पुढच्या रविवारी पाहतो तर गळाचं टोक गांडुळाच्या पोटात. छल्ला नाही, काही नाही. दिवसभरात एक मरळ लागली नाही. मी विचारलं, आज हे कसं काय? दोऱ्याकडे बघत तो म्हणाला, "तुया हाताले लय घाम येते बे." त्यानंतर त्यानं उघडा गळ कधी टाकला नाही. मासे कमी झाले, त्याची तक्रारही केली नाही. तरी मी दोरी नेत राहिलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या मागे दर रविवारी गाडीवर बसूनच यायचा.

यवतमाळच्या दवाखान्यात मला क्षणभर आत सोडलं. सलीमला मी त्याआधी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. डोळे मोठे झाले होते. त्यानं माझं मनगट धरलं, जिथे दोरीचा वेढा असायचा नेमकं तिथेच, आणि म्हणाला, "विनू... ढिली नको सोडू." मी म्हटलं, नाही सोडत. नर्सबाईंनी बाहेर जायला सांगितलं. त्याची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. बाहेर बाकावर बसलो, दोन्ही हात मांडीखाली दाबून. अकील दारातून बाहेर आला तेव्हा त्यानं काही सांगायची गरज उरली नव्हती.

मातीनंतर काही दिवसांनी भाभीनं गांडुळांचा डबा आणि दोरी माझ्या दुकानात पाठवली. डबा उघडून पाहिला. सगळ्या गळांची टोकं रबराच्या पोटात होती. बोट फिरवलं, कुठे काही टोचलं नाही. डबा मी अकीलला देऊन टाकला, तो जातो अधूनमधून धरणावर. दोरी मात्र ठेवली. कापडाच्या कपाटावर टाकायला गेलो तर पट्ट्याकडचा भाग कपाटामागे घसरला. हे टोक माझ्या मशीनजवळ लोंबतं. शिवता शिवता हात तिकडे जातो, वेढाही घेतो. कपाटामागे भिंत आहे आणि रिकामा पट्टा आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. बायको म्हणते, ओढून काढा ना ती, नीट गुंडाळून ठेवा. मी ओढत नाही. ओढली तर ती निमूट हातात येईल, याचीच मला भीती वाटते.