नवरदेव रिव्हर्समध्ये

माझ्या मेहुण्याचा साखरपुडा ठरल्या दिवशीच झाला. फक्त नवरामुलगा सासरी पाठमोरा पोहोचला.

सगळं झालं माझ्या लाल गाडीमुळे. अंबरनाथच्या आमच्या सोसायटीत ती 'स्पोर्टी' म्हणून ओळखली जायची (म्हणजे मीच तशी ओळख करून द्यायचो). पण तिचा पिकअप मला पुरेना. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला सिंधी गॅरेजवाला म्हणाला, "साईं, गिअरबॉक्सच बदलून टाक! दुसऱ्या मॉडेलचा शॉर्ट गिअरवाला पडलाय माझ्याकडे. गाडी उडेल!"

"पण बसेल का?"

"बसवणार मी, बसेल कसा नाही?"

बसवला! "अहो, चालत्या गाडीला कशाला हात लावता?" असं बायको, सुनंदा, विचारत होती. मी तिला गिअर रेशो समजावायला लागलो. ती अर्ध्यातच भाजी आणायला निघून गेली.

साखरपुडा बारवी धरणाकडच्या गावात, मुलीच्या घरी होता. पुढे माझ्याशेजारी शेरवानीतला मेहुणा सागर. मागे सासरे, सासूबाई आणि सुनंदा. बदलापूर सुटलं, मी वेग घेतला, आणि इंजिन मिक्सरसारखं किंचाळायला लागलं!

"जावईबापू, चटणी वाटताय का?" सासरे ओरडले.

"बाबा, स्पोर्टी आवाज आहे हा!"

"काय?"

"स्पोर्टी!!"

पुढे अरुंद रस्त्यावर समोरून टेम्पो आला. मी रिव्हर्स घेऊन त्याला वाट दिली. तो गेला. मी पहिला गिअर टाकला, तर दांडा खिरीतल्या चमच्यासारखा गोल गोल फिरायला लागला! आणि गाडी? मागेच!

गॅरेजवाल्याला फोन लावला. "केबल निसटली असेल, साईं. रिव्हर्स चालतोय ना? मग बॉक्स ओके आहे!"

तिकडून मुलीच्या वडिलांचे फोनवर फोन. "पोचलोच!" सासूबाई सांगत होत्या. रिक्षा नाही, काही नाही. शेवटी सगळ्यांनी उतरून, शालू-शेरवानीसकट, गाडी ढकलून उलटी फिरवली. (क्लच दाबायला कुणीतरी आत लागतंच. मी होतो.)

मग निघालो. मागची काच गावाकडे, आमची तोंडं बदलापूरकडे.

"माना खाली!" मी ओरडलो. "मला दिसत नाही!"

"दाजी, आयुष्यात एकदाच होतो हो साखरपुडा!" सागर रडकुंडीला आला होता.

मांडवापाशी बँजो वाजत होता. आमची गाडी पार्श्वभागाने आत शिरली, तसा तो बंद पडला. औक्षणाचं ताट घेतलेल्या मावशींनी गोंधळून डिकीलाच कुंकू लावलं!

"आरं, गारी उलटी कशाला आनली?" मुलीचे आजोबा कडाडले. "पोरगा परत चाललाय काय?"

सागर घामाघूम होऊन उतरला. खिडकीतून बघणारी त्याची नवरी इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. तेवढ्यावर आमचा जीव जरा भांड्यात पडला.

अंगठ्या घालून झाल्या आणि आजोबांनी हात वर केला. "लग्नाला आमची एकच अट हाय."

सासऱ्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"वरातीची गारी दाजींनी चालवायची नाय."

"मान्य!" सगळा मांडव एका सुरात ओरडला. त्यात सगळ्यात मोठा आवाज सुनंदाचा होता.